मैदानापासून परदेशी लीगपर्यंत : तरुण फुटबॉलपटू घडवण्याचे आणि त्याला सुरक्षितपणे बाहेर पाठवण्याचे टप्पे

मुलगा किंवा मुलगी फुटबॉल चांगला खेळते हे लक्षात आले की बहुतेक घरांत पहिली चौकशी सुरू होते ती एजंटाची. ट्रायल कोण मिळवून देईल, किती पैसे भरावे लागतील, कोणत्या देशात सोपे जाईल, असे प्रश्न विचारले जातात. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांची वेळ फार उशिरा येते. परदेशी क्लब नवा खेळाडू घेताना मुख्यतः तीन गोष्टी तपासतो : तो मोठ्यांच्या स्पर्धात्मक सामन्यांत किती मिनिटे खेळला आहे, त्याचे शरीर पूर्ण हंगामाचा ताण सोसेल का आणि त्याची नोंदणी नियमांत बसते का. या तिन्हींची तयारी खेळाडू दहा-बारा वर्षांचा असल्यापासून करावी लागते आणि त्यातली एकही गोष्ट शेवटच्या महिन्यात पैसे देऊन मिळत नाही. त्यामुळे या लेखातले टप्पे वयाच्या क्रमाने मांडले आहेत. पालक, शाळेतले क्रीडाशिक्षक आणि छोट्या क्लबांचे प्रशिक्षक यांनी आपला खेळाडू आज ज्या टप्प्यावर आहे तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल, मात्र नोंदणीच्या कागदांविषयीचा भाग सर्वांनीच वाचावा.

बारा वर्षांपर्यंत : चेंडू आणि मान

या वयात मुलाला जास्तीत जास्त वेळा चेंडू मिळाला पाहिजे, एवढे एकच ध्येय ठेवावे. अकरा विरुद्ध अकराच्या मोठ्या मैदानावर नऊ वर्षांचे मूल अर्धा वेळ नुसते धावत राहते. चार विरुद्ध चार किंवा पाच विरुद्ध पाचच्या लहान मैदानावर त्याच मुलाला कितीतरी जास्त वेळा चेंडू अडवावा लागतो, वळवावा लागतो आणि निर्णय घ्यावा लागतो. ब्राझीलमधल्या अनेक खेळाडूंची, रोनाल्डिन्यो आणि नेमार यांचीही, सुरुवात फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच जणांनी छोट्या मैदानावर खेळायच्या फुटबॉलमध्ये, झाली. फुटसालचा चेंडू लहान असतो आणि कमी उसळतो, त्यामुळे तो पायाखाली ठेवून खेळणे भाग पडते. फुटसालचे खास मैदान नसले तरी हरकत नाही. कोणतीही सपाट, बंदिस्त जागा त्यासाठी पुरते.

तंत्रात सर्वांत जास्त वेळ पहिल्या स्पर्शाला द्यावा. दक्षिण कोरियाच्या सोन ह्युंग-मिन याला त्याच्या वडिलांनी, जे स्वतः फुटबॉलपटू होते, लहानपणी वर्षानुवर्षे चेंडू उसळवण्याचे आणि दोन्ही पायांचे मूलभूत सराव करायला लावले, हे सर्वश्रुत आहे. त्या शिस्तीचा कडकपणा मी कोणाला सुचवणार नाही, पण त्यामागचा विचार पटण्याजोगा आहे : दोन्ही पाय सारखे चालणे ही गोष्ट अठराव्या वर्षी शिकवता येत नाही.

पहिला स्पर्श मात्र पायाने सुरू होत नाही, मानेने सुरू होतो. नॉर्वेतील क्रीडासंशोधक गेर युर्देत यांनी चेंडू येण्यापूर्वी खेळाडू किती वेळा आजूबाजूला पाहतात याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. जे मध्यरक्षक चेंडू मिळण्याआधी जास्त वेळा मान वळवून पाहतात त्यांचे पास अधिक प्रमाणात अचूक जातात, असे त्यांच्या निरीक्षणांतून दिसले. हे शिकवण्याचा एक साधा सराव मी नेहमी घेतो. तीन मुले एका रेषेत, साधारण दहा-दहा पावलांवर उभी करावीत. टोकाच्या मुलाने मधल्याला पास द्यायचा. चेंडू निघताच मधल्याच्या पाठीमागचा मुलगा हात वर करून काही बोटे दाखवतो आणि मधल्याने चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून बोटांची संख्या मोठ्याने सांगायची. संख्या सम असेल तर चेंडू पास देणाऱ्यापासून लांबच्या पायावर घेऊन पुढे वळायचे, विषम असेल तर चेंडू ज्याच्याकडून आला त्यालाच एका स्पर्शात परत द्यायचा. पहिल्या आठवड्यात मुले संख्या बरोबर सांगतात पण चेंडू पायातून निसटतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चेंडू थांबतो पण खांदे अजून पास देणाऱ्याकडेच असतात. साधारण महिन्याभराने एखाद्या दिवशी एक मुलगा चेंडू येण्याआधीच अर्धवट वळून उभा राहिलेला दिसतो, आणि त्या क्षणी त्याला खेळ कळू लागला आहे हे ओळखावे. ट्रायलला आलेले स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे लोक, हेच पाहत असतात.

बारा ते सोळा : वाढणाऱ्या शरीराचा हिशेब

सर्वांत जास्त गुणी खेळाडू याच टप्प्यावर गळतात आणि त्यातल्या पुष्कळांच्या बाबतीत दोष निवड करणाऱ्यांचा असतो. वयोगट कॅलेंडर वर्षाप्रमाणे ठरत असेल तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. दोघांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते आणि तेराव्या वर्षी एका वर्षाने उंचीत आणि ताकदीत मोठा फरक पडतो. जगभरच्या अकादमींमध्ये वयोगटाच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांची संख्या प्रमाणापेक्षा जास्त आढळते, ती याच कारणाने. त्यात भर म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांची शारीरिक वाढही वेगवेगळ्या गतीने होते. फ्रान्सचा आघाडीपटू आँत्वान ग्रीझमन लहान चणीचा म्हणून फ्रान्समधल्या अनेक क्लबांनी त्याला नाकारले आणि तो चौदाव्या वर्षी स्पेनच्या रेआल सोसिएदादच्या अकादमीत गेला. क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचलाही लहानपणी त्याच कारणाने नकार ऐकावा लागला होता.

यावर उपाय असा : संघ निवडताना प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचा जन्ममहिना लिहावा आणि दर तीन महिन्यांनी उभे राहून व बसून अशी दोन्ही उंची मोजून वहीत नोंदवावी. काही अकादमी सरावाचे काही सामने वयाऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून खेळवतात. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने असे प्रयोग केले आहेत. लवकर वाढलेल्या मुलाला तिथे प्रथमच डोके वापरावे लागते, कारण नुसत्या ताकदीवर कोणाला हरवता येत नाही, आणि उशिरा वाढणाऱ्याला आपले कौशल्य दाखवायला संधी मिळते. लहान क्लबालाही हे महिन्यातून एकदा सहज करता येते.

उंचीच्या नोंदींचा दुसरा उपयोग दुखापती टाळण्यासाठी होतो. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या काळात हाडे आधी लांब होतात आणि स्नायू व त्यांची टोके मागे राहतात, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखू लागते. मूल आळशी झाले किंवा त्याचा खेळ बिघडला असे समजून त्याला जास्त पळवले तर ते दुखणे महिनोनमहिने लांबते. नोंदींमध्ये उंची झपाट्याने वाढलेली दिसली की उड्या, वेगाने धावणे आणि लांब किक यांचे प्रमाण काही आठवडे कमी करावे, तंत्राचा सराव चालू ठेवावा आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. नियोजित सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत, हा क्रीडावैद्यकातला ढोबळ नियम पाळण्यासारखा आहे; म्हणजे चौदा वर्षांच्या मुलासाठी चौदा तासांची मर्यादा. आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस विश्रांती आणि रात्री आठ ते दहा तास झोप हीसुद्धा सरावाचाच भाग आहे.

सराव आणि सामन्यापूर्वी शरीर तापवण्यासाठी फिफाने तयार करवून घेतलेला ‘इलेव्हन प्लस’ हा १५ व्यायामांचा संच वापरावा. तो सुमारे २० मिनिटांत होतो आणि त्याला चेंडू व खुणेचे काही शंकू यांखेरीज साहित्य लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती आणि अतिताणाच्या दुखापती स्पष्टपणे कमी आढळल्या. मुलींच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे, कारण गुडघ्यातील पुढचा स्नायुबंध तुटण्याचे प्रमाण त्यांच्यात मुलांपेक्षा जास्त असते. एखाद्या मुलीची मासिक पाळी सरावाच्या हंगामात बंद झाली तर ‘खेळाडूंचे असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायलाच हवे.

सोळानंतर : मिनिटे मोजा

इथून पुढे एकच आकडा वहीत सर्वांत वर लिहावा : मोठ्यांच्या स्पर्धात्मक सामन्यांत खेळलेली मिनिटे. प्रसिद्ध अकादमीच्या अठरा वर्षांखालील संघाचे नाव आकर्षक असते, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये तीस वर्षांच्या बचावपटूशी खांद्याला खांदा भिडवून खेळलेला हंगाम खेळाडूला अधिक शिकवतो. तिथे निकालावर लोकांचे पगार अवलंबून असतात आणि चूक झाली की कोणी पाठीवर हात ठेवून समजावत बसत नाही.

नॉर्वेचा आघाडीपटू एर्लिंग हालांड याचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ब्रिन या छोट्या क्लबाकडून तो नॉर्वेच्या दुसऱ्या श्रेणीत मोठ्यांमध्ये खेळला, २०१७ मध्ये मोल्डेला गेला, २०१९ च्या जानेवारीत साल्झबुर्गला, २०२० च्या जानेवारीत डॉर्टमुंडला आणि २०२२ मध्ये मँचेस्टर सिटीला. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा थोडीच उंच होती. त्याच्याच देशाचा मार्टिन ओडेगोर सोळाव्या वर्षी, २०१५ च्या जानेवारीत, थेट रेआल माद्रिदला गेला. तिथल्या मुख्य संघात त्याला फारच थोडी संधी मिळाली आणि हेरेनव्हेन, व्हितेस व रेआल सोसिएदाद या क्लबांत लोनवर, म्हणजे मूळ क्लबाशी करार कायम ठेवून तात्पुरते, खेळून त्याने आपला खेळ उभा केला. पुढे आर्सेनलमध्ये तो कर्णधार झाला. दोघेही यशस्वी झाले, पण ओडेगोरला मधली पायरी नंतर चढावी लागली आणि ती चढण्याइतका धीर व घरच्यांचा आधार प्रत्येक मुलाला मिळत नाही. मॉड्रिचला दिनामो झाग्रेबने २००३ मध्ये बोस्नियातील झ्रिन्स्की मोस्तारकडे लोनवर पाठवले होते, जिथली लीग अतिशय धसमुसळी मानली जात असे. तिथून तो तयार होऊन परतला, २००८ मध्ये टॉटनहॅमला गेला आणि २०१८ मध्ये वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या बॅलन डी’ओर पुरस्काराचा मानकरी ठरला.

म्हणून सतराव्या-अठराव्या वर्षी लोनवर जाण्याचा प्रस्ताव आला तर तो अपमान समजू नये. विचारायचे ते एवढेच : त्या क्लबात माझ्या जागेवर कोण आहे आणि त्या प्रशिक्षकाने मला स्वतः मागितले आहे का.

नोंदणीचे कागद

छोटे क्लब आणि पालक सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच करतात. खेळाडू कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या क्लबात नोंदलेला होता याची सलग नोंद म्हणजे त्याचा खेळाडू-पासपोर्ट. ती राष्ट्रीय महासंघाच्या नोंदींवरून तयार होते. दहा वर्षांच्या पुढच्या खेळाडूला दुसऱ्या देशात नोंदणी करायची असेल तर आधीच्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुलगा तीन वर्षे एखाद्या क्लबात खेळला पण क्लबाने त्याची नोंदणीच केली नाही, किंवा जन्मतारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असली, तर पुढे सगळी बदली अडकते. वय लपवण्याचा सल्ला देणाऱ्यापासून तर ताबडतोब दूर व्हावे. ते उघडकीला आले की बंदी खेळाडूवर येते.

या नोंदींशी पैसाही जोडलेला आहे. फिफाच्या नियमांप्रमाणे खेळाडूच्या बाराव्या ते एकविसाव्या वाढदिवसाच्या काळात त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण-भरपाई मिळू शकते : तो प्रथम व्यावसायिक म्हणून नोंदला जातो तेव्हा आणि तेविसाव्या वाढदिवसाचे वर्ष संपेपर्यंत देशाबाहेर बदली होत राहते तेव्हा. महिलांच्या फुटबॉलला ही भरपाई लागू नाही. दुसरी तरतूद एकता-निधीची आहे. खेळाडूची दुसऱ्या देशातील क्लबाकडे पैसे घेऊन बदली झाली की त्या रकमेचा कमाल ५ टक्के हिस्सा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षी घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो : १२ ते १५ या वर्षांसाठी प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के आणि १६ ते २३ साठी प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. समजा बदली १० लाख युरोंची झाली आणि एका छोट्या क्लबाने मुलाला १२ ते १५ अशी चारही वर्षे सांभाळले होते, तर त्या क्लबाच्या वाट्याला १० हजार युरो येतात. अशा रकमेत एखाद्या क्लबाच्या सर्व वयोगटांचा एका हंगामाचा खर्च भागू शकतो. २०२२ च्या नोव्हेंबरपासून पॅरिसमधील फिफा क्लिअरिंग हाउसमार्फत ही वाटणी होते आणि तिचा आधार इलेक्ट्रॉनिक नोंदी हाच असतो. नोंद नसेल तर हक्कही सिद्ध होत नाही.

अठरा वर्षांखालील बदली

मूळ नियम स्पष्ट आहे : आंतरराष्ट्रीय बदली अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच होते. त्याला मोजके अपवाद आहेत. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी नव्या देशात राहायला गेले असतील तर मूल तिथे नोंदले जाऊ शकते. युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आतल्या आत १६ ते १८ वयाच्या खेळाडूची बदली होऊ शकते, पण नव्या क्लबाला त्याच्या शिक्षणाची, निवासाची आणि देखभालीची लेखी हमी द्यावी लागते. घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील आणि त्यांच्यातले अंतर १०० किलोमीटरहून जास्त नसेल तर सीमेपलीकडच्या क्लबात खेळता येते. निर्वासित मुले आणि शैक्षणिक देवाणघेवाणीवर गेलेले विद्यार्थी यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. अशा प्रकरणांना फिफाची मंजुरी लागते.

वडिलांना क्लबात कागदोपत्री नोकरी दाखवून पहिल्या अपवादात बसवण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो नाकारावा. हा नियम कोणासाठी वाकत नाही : २०१४ मध्ये फिफाने अल्पवयीन खेळाडूंच्या नोंदणीत नियम मोडल्याबद्दल बार्सिलोनावर दोन ट्रान्सफर विंडोंची (खेळाडूंच्या बदल्यांसाठी ठरलेल्या मुदतींची) बंदी घातली. त्या प्रकरणामुळे तिथल्या अकादमीत वाढणाऱ्या ताकेफुसा कुबोला सामने खेळता येईनात आणि तो २०१५ मध्ये जपानला परतला. मायदेशात तो मोठ्यांमध्ये खेळला आणि अठरा पूर्ण होताच, २०१९ मध्ये, रेआल माद्रिदने त्याला घेतले. घरी घालवलेली ती चार वर्षे त्याच्या मार्गात आडवी आली नाहीत, हे घाई करणाऱ्या प्रत्येक पालकाने लक्षात घ्यावे.

देश आणि क्लब निवडताना

लीगची प्रसिद्धी बाजूला ठेवून प्रथम परदेशी खेळाडूला तिथे खेळण्याच्या परवान्याचा नियम पाहावा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून परदेशी खेळाडूसाठी गुणांची पद्धत आहे; राष्ट्रीय संघातले सामने, क्लबातली मिनिटे आणि आधीच्या लीगचा दर्जा यांचे गुण मोजले जातात, आणि अठरा वर्षांखालील परदेशी खेळाडू तिथे घेताच येत नाही. स्पेनच्या ला लीगामध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंसाठी प्रत्येक क्लबाला तीनच जागा असतात, त्यामुळे त्या नामवंतांसाठी राखल्या जातात. नेदरलँड्समध्ये बाहेरच्या खेळाडूला लीगच्या सरासरी पगाराशी जोडलेले मोठे किमान वेतन द्यावे लागते, म्हणून तिथले क्लब अनोळखी तरुणावर सहसा पैसा लावत नाहीत. जर्मनी आणि पोर्तुगालमध्ये अशी संख्येची मर्यादा नाही. हे नियम बदलत असतात. निर्णय घेण्याच्या हंगामात त्या लीगच्या आणि महासंघाच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा वाचावेत.

त्यानंतर क्लब. मोहम्मद सालाह इजिप्तमधून २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेलला गेला आणि सादिओ माने सेनेगलच्या जनरेशन फूट अकादमीतून फ्रान्सच्या मेट्झला, मग साल्झबुर्ग, साउदम्प्टन आणि लिव्हरपूलला. दोघांनीही पहिला क्लब असा निवडला जिथे तरुणांना खेळवण्याची रीत होती. आपल्या खेळाडूसाठी क्लबाच्या गेल्या तीन हंगामांचे संघ काढून पाहावेत : एकवीस वर्षांखालील किती जणांना किती मिनिटे मिळाली, आपल्या जागेवर सध्या किती जण आहेत आणि त्यांचे करार कधी संपतात, तीन वर्षांत प्रशिक्षक किती वेळा बदलले, राखीव संघ कोणत्या श्रेणीत खेळतो. हे काम दोन संध्याकाळींत होते आणि ते केल्याशिवाय कोणत्याही प्रस्तावाला होकार देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

व्हिडिओ आणि ट्रायल

व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा पुरे. पहिल्या चौकटीत नाव, जन्मतारीख, उंची, मैदानावर खेळण्याची जागा, वापरता येणारे पाय आणि सध्याचा क्लब द्यावा. संगीत नको आणि मंदगती चित्रणही नको. बचावपटूच्या व्हिडिओत चेंडू नसताना त्याची उभे राहण्याची जागा दिसली पाहिजे. त्यासोबत दोन पूर्ण सामन्यांचे चित्रण द्यावे, त्यातल्या एका सामन्यात खेळाडूचा संघ हरलेला असावा. पिछाडीवर असताना खेळाडू कसा वागतो हे पाहण्यासाठी स्काउट मुद्दाम असा सामना मागतात.

ट्रायलच्या आमंत्रणाची तपासणी डोळ्यांत तेल घालून करावी. माझ्या समोर आलेल्या एका पत्रावर क्लबाचे बोधचिन्ह ठळक होते, सही होती, शिक्का होता. पण ईमेलचा पत्ता कोणालाही मोफत मिळणाऱ्या सेवेचा होता, खेळाडूच्या जागेचा कुठेही उल्लेख नव्हता, तारखा त्या लीगच्या सुट्टीच्या काळातल्या होत्या आणि शेवटच्या ओळीत ‘नोंदणी शुल्क’ तीन दिवसांत एका खासगी व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले होते. क्लबाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा दूरध्वनी लावल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला की असे पत्र त्यांनी पाठवलेच नव्हते. हीच पद्धत सर्वांनी वापरावी : पत्रातला क्रमांक न लावता स्वतः शोधलेला क्रमांक लावावा. खराखुरा क्लब ट्रायलसाठी खेळाडूकडून शुल्क घेत नाही. परतीचे तिकीट, वैद्यकीय विमा, राहण्याचा पत्ता आणि योग्य प्रकारचा व्हिसा हातात आल्याखेरीज निघू नये, आणि पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नये. खोट्या ट्रायलच्या नावाखाली परक्या शहरात सोडून दिलेल्या मुलांसाठी फूट सॉलिडेअरसारख्या संस्था काम करतात, एवढा हा प्रश्न मोठा आहे.

एजंट

फिफाचा परवाना परीक्षा दिल्यावरच मिळतो आणि परवानाधारकांची यादी फिफाकडे पाहता येते. नाव यादीत नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे. करार लेखी असावा. तो एका वेळी दोन वर्षांहून जास्त मुदतीचा करता येत नाही. अल्पवयीन खेळाडूशी पालकांच्या लेखी संमतीविना संपर्क साधणाऱ्या एजंटाने पहिल्याच भेटीत नियम मोडलेला असतो.

करार वाचताना

करार किमान चालू हंगामाच्या अखेरपर्यंत आणि कमाल पाच वर्षांचा असतो. अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी कमाल मुदत तीन वर्षे. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्यास किंवा कामाचा परवाना मिळाल्यासच करार वैध, अशी अट फिफाच्या नियमांना मान्य नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी सहीच्या आधी उरकाव्यात असा आग्रह धरावा.

पगाराचा आकडा करापूर्वीचा की करानंतरचा, हे पहिल्याच ओळीत स्पष्ट हवे. बोनस कशावर मिळणार ते पाहावे : ‘संघात निवड’ आणि ‘प्रत्यक्ष मैदानात उतरणे’ या दोन वेगळ्या अटी आहेत. दुखापतीच्या काळात पूर्ण पगार किती महिने मिळेल, शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क आहे का, हे लिहून घ्यावे. ‘क्लबाच्या इच्छेनुसार आणखी दोन वर्षे मुदतवाढ’ असे एकतर्फी कलम तरुणांच्या करारांत वारंवार दिसते. ते पूर्ण काढता आले नाही तर निदान वाढीव वर्षांचा पगार आत्ताच ठरवून घ्यावा, कारण एरवी खेळाडूचा खेळ चांगला झाला की तो जुन्या पगारात अडकतो आणि वाईट झाला की मुदतवाढच होत नाही. लोनवर पाठवताना खेळाडूची लेखी संमती लागेल, हेही असू द्यावे. घर, वर्षातून घरी जाण्याची विमानाची तिकिटे आणि भाषेचे वर्ग या गोष्टी तोंडी आश्वासनावर सोडू नयेत. आणि खेळाडूच्या भावी बदलीच्या रकमेत कोणा गुंतवणूकदाराचा हिस्सा ठेवणारा वेगळा कागद समोर आला तर सही करू नये. तशा मालकीवर फिफाने मे २०१५ पासून बंदी घातलेली आहे.

करार आपल्याला समजणाऱ्या भाषेत भाषांतर करून घ्यावा आणि सही करण्याआधी त्या देशातल्या खेळाडू-संघटनेला दाखवावा. अशा बहुतेक संघटना फिफप्रो या जागतिक संघटनेशी जोडलेल्या आहेत. क्लबाने दोन महिन्यांचे पगार थकवले तर लेखी सूचना देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची आणि तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणास्तव करार संपवता येतो. त्यासाठी पगाराच्या प्रत्येक पावतीची आणि बँकेच्या नोंदीची प्रत स्वतःजवळ असायला हवी.

पहिला हंगाम

पोहोचण्याआधी मैदानावरचे शंभरेक शब्द त्या भाषेत पाठ करावेत : मागे माणूस आहे, वेळ आहे, वळ, परत दे, आत ये, बाहेर थांब. व्याकरण नंतर येते, पण हे शब्द पहिल्या सरावात नसतील तर सोबती पास द्यायला कचरतात. शक्य असेल तर पहिले काही महिने एकट्याने राहण्यापेक्षा क्लबाने ठरवलेल्या कुटुंबात किंवा वसतिगृहात राहावे. सरावानंतरची रिकामी दुपार ही परदेशी गेलेल्या तरुणाची सर्वांत कठीण वेळ असते. भाषेचा वर्ग किंवा अर्धवट राहिलेले शिक्षण त्याच वेळेला लावावे. पालकांनी रोज फोन करून ‘आज खेळवले का’ असे विचारू नये. जेवण, झोप, सोबती यांबद्दल विचारावे. खेळाविषयी त्याला सांगावेसे वाटेल तेव्हा तो सांगेलच.

डिसेंबर-जानेवारीत, विंडो उघडण्याआधी, मिनिटांची वही पुन्हा काढावी. मुख्य संघात आणि राखीव संघात किती मिनिटे मिळाली ते लिहून प्रशिक्षकाची वेळ मागावी आणि तीन प्रश्न विचारावेत : माझ्यात काय कमी आहे, उरलेल्या हंगामात मी तुमच्या कितव्या क्रमांकाचा पर्याय आहे, आणि लोनवर जाणे तुम्हाला योग्य वाटते का. उत्तरे त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावीत. मिनिटे शून्याच्या जवळ असतील आणि उत्तरे मोघम असतील तर लोनची मागणी लेखी करावी, तेही विंडोच्या पहिल्या आठवड्यात, कारण शेवटच्या दिवशी उरतात ते कोणालाच नको असलेले पर्याय. करारात सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबाशी पुढील हंगामाचा करार करण्याची मुभा असते. ती तारीख सही करतानाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.